तक्रार आपल्याच पोराची आली तर

अगं, फोनवर तू नुसती मुसमुसत होतीस आणि मागून सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून मी फार बोलले नाही. घरात चार जण कान देऊन असले की बाईला मनातलं बोलता येत नाही. म्हणून लिहून पाठवते. हळद शिजवण्याच्या गडबडीतून सवड काढ आणि एकटी असताना वाच.

आधी एक सांगते. थोरल्याच्या सरांनी बोलावणं धाडलं म्हणजे तुझं नाक कापलं गेलं, असं काही नाही. गोष्ट हलकी नाही, हे खरंच. नववीतलं पोरगं सातवीतल्या लेकराच्या सायकलची हवा सोडतंय, डबा पळवतंय, धरणावर मासे धरणाऱ्यांच्या घरातलं म्हणून नाक दाबून हाका मारतंय, वर त्याचा व्हिडिओ काढून पोरांच्या ग्रुपवर टाकतंय. पण हे आत्ता कळलं, ते बरंच झालं. कित्येक घरी कळतच नाही. कळतं तेव्हा पोरगं मिसरूड फुटून मोठं झालेलं असतं आणि बोलावणं शाळेऐवजी पोलीस ठाण्यातून येतं.

तू म्हणालीस, "ताई, आम्ही काय कमी धाकात ठेवलं का गं त्याला? ह्यांनी तर उठता-बसता हाणलंय." मी तिथेच अडले. माझ्या मनात तेव्हापासून तेच घोळतंय.

रागावू नकोस. तुझ्या नवऱ्याबद्दल, आपल्या पाहुण्यांबद्दल, माझ्या मनात वावगं काही नाही. कष्टाचा माणूस आहे, व्यसन नाही, लेकरांसाठी जीव टाकतो. पण दिवाळीत मी तुझ्याकडे होते तेव्हा काय पाहिलं ते सांगते. पाहुणे मोंढ्यातून आले, सोयाबीनला भाव लागला नव्हता. दारात चपला इकडे-तिकडे पडलेल्या दिसल्या आणि थोरल्याच्या पाठीत सणसणीत धपाटा बसला. दोन दिवसांनी चपला तशाच पडल्या होत्या. पण त्या दिवशी पाहुणे खुशीत होते, त्यांचं तिकडे लक्षही गेलं नाही. चपला जागेवर ठेवायच्या हे काही पोरगं शिकलं नाही. बापाचा चेहरा बघून अंदाज घ्यायला मात्र शिकलं. आणि ज्या संध्याकाळी धपाटा बसला, त्याच संध्याकाळी त्याने धाकट्याच्या हातातला रिमोट हिसकला, वर त्याला टपली मारली. धाकटा रडत आला, तर सासूबाई म्हणाल्या, "भावाभावांचं चालतंच." झालं, विषय संपला.

तुझ्या गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर येलदरी धरणातून पाणी सोडलं की ते सिद्धेश्वर धरणात येतं, आणि सिद्धेश्वर भरलं की दारं उघडून खाली पूर्णेत सोडावंच लागतं. रागाचंही असंच. मोंढ्यातला राग बापावर, बापाचा थोरल्यावर, थोरल्याचा धाकट्यावर. घरात पुरेसं खाली कुणी मिळालं नाही की पोरगं शाळेत शोधतं. गरीब, एकटं, उलटून न बोलणारं लेकरू त्याला बरोबर सापडतं.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. डॅन ओल्वेयस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास जगात पहिल्यांदा नीट कुणी केला असेल तर त्यांनी. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत दहा ते चौदा वर्षांच्या तीन मुलांनी जीव दिला. बरोबरीच्या मुलांचा जाच हे कारण असावं असं पुढे आलं. देश हादरला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने सगळ्या शाळांसाठी मोहीम काढली. तिची जबाबदारी ओल्वेयस यांच्याकडे आली. त्याआधी, १९८० साली, त्यांनी स्वीडनमधल्या सहावी आणि नववीतल्या मुलांचा एक अभ्यास छापला होता. मारकुटी मुलं कुठल्या घरांतून येतात, हा प्रश्न. चार गोष्टी निघाल्या. घरातून माया कमी आणि हिडीसफिडीस जास्त. मूल दुसऱ्यावर हात उगारतं तेव्हा त्याला कुणी ठामपणे अडवत नाही. शिक्षा म्हणजे मारणं, ओरडणं, अंगावर जाणं. आणि मुलाचा मूळचा तापट स्वभाव.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींत बोट आईकडेच दाखवलेलं आहे, आणि ते मला खटकतं. जी घरात असते तिचंच वागणं मोजायचं आणि मग तिच्याच पदरात दोष घालायचा, हे आपल्याकडेही काही नवं नाही. तेवढं सोडून बाकीचं नीट बघ. दुसरी आणि तिसरी गोष्ट तुझ्या घरी एकत्र नांदतात. चपलांसाठी मार बसतो. धाकट्याला टपली मारली तर कुणी मान वर करून बघत नाही. म्हणजे बापाला त्रास झाला तर शिक्षा, दुसऱ्याला त्रास दिला तर माफी. असा नियम तुम्ही मुद्दाम केलेला नाही, पण पोराच्या मनावर तोच ठसला.

मार द्यावा की देऊ नये यावर लोक तावातावाने बोलतात. "आम्ही मार खाऊनच मोठे झालो, काय बिघडलं आमचं?" हे वाक्य तर पाहुणे म्हणणारच. त्यांना एवढंच सांग, की २०१६ साली अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी असे पंचाहत्तर अभ्यास एकत्र केले. त्यांत मुलं होती एक लाख साठ हजार. हाड मोडेपर्यंतची मारहाण त्यांनी धरलीच नव्हती, साधा धपाटाच धरला होता. धपाटे खाणारी मुलं पुढे जास्त आज्ञाधारक झाली, असं काही दिसलं नाही. ती जास्त आक्रमक मात्र दिसली. मार खाल्ल्याने पोर दांडगं होतं की दांडगं असल्याने मार खातं, हा वाद अजून चालतो. चालू दे. तुझ्या थोरल्याने इतकी वर्षं मार खाल्ला आणि तरी तक्रार आली, एवढं आपल्याला पुरे.

सासूबाई श्यामच्या आईचं नाव काढतील. काढू देत. साने गुरुजींचं ते पुस्तक १९३५ सालचं, आणि त्यात पोहायला जात नाही म्हणून आईने श्यामला शिंपटीने मारल्याचा प्रसंग आहेच. पण तिने का मारलं ते विसरू नये. चार पोरांनी आपल्या लेकाला भित्रा म्हणू नये, हे तिच्या जिवाला लागलं होतं. आणि मारून ती बाजूला झाली नाही. त्याला जवळ घेतलं, का मारलं ते सांगितलं. शिंपटी तेवढी उचलायची आणि पुढचं जवळ घेणं सोडून द्यायचं, असं आपल्याकडे झालं. मला विचारशील तर ती शिंपटीही नको होती, पण तो काळ वेगळा होता.

काळ वेगळा म्हणावं तर त्याच काळात आपल्याकडे ताराबाई मोडकही होत्या. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारली लेकरांसाठी बालवाड्या चालवल्या. भीती आणि मार वजा करून लेकरू शिकतं, हे त्यांनी करून दाखवलं, तेही ज्या लेकरांना शाळेचं तोंड माहीत नव्हतं त्यांच्यासोबत. तेव्हा "हे इंग्रजी शाळांचं फॅड" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आणखी जवळचं हवं असेल तर औंढा नागनाथचंच सांगते. नामदेवांची गोष्ट तुला ठाऊकच आहे, नर्सी आपल्याच जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांनी भरल्या मेळ्यात डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. सगळे हसले. नामदेव रुसून पांडुरंगाकडे गेले. मग त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले, तर विसोबा म्हणाले, माझे पाय उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. बस. ओरडणं नाही, टोमणा नाही. ज्याचं त्याला उमगेपर्यंत वाट पाहिली. गोरोबांना नावं ठेवायची माझी काय बिशाद. पण चार लोकांत अपमान झाला की माणूस शिकण्याऐवजी रुसतो, हे त्या गोष्टीत आहे. आणि तुझा थोरला पंधरा वर्षांचा आहे, या वयात तर अपमान हाडाला लागतो.

आता एक जड गोष्ट. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या नेलकरंजीला, नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून सतरा वर्षांच्या लेकीला घरी मारहाण झाली आणि त्यात ती गेली. पोलिसांनी वडिलांना अटक केली. वडील शिक्षक, मुलगी दहावीला नव्वदच्या वर टक्के घेतलेली. हातात होता जात्याचा खुंटा. तुला घाबरवायला हे सांगत नाही, आणि पाहुणे काही तसले नाहीत. पण आपला हात किती जोरात पडणार आहे, हे रागाच्या भरात हात उचलताना कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून हात उचलायचाच नाही हे आधीच ठरलेलं बरं. स्वीडनमध्ये १९७९ पासून आई-बापांनी मुलाला मारणं कायद्यानेच बंद आहे. आपल्याकडे शाळेत बंद आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने. घरात कोण विचारतो!

आता त्या नाक दाबण्याचं बघू. माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे.

सायकलची हवा सोडणं हा पोरकटपणा म्हणून एक वेळ सोडून देता येईल. पण मासेवाल्याच्या लेकराला पाहून नाक दाबायचं हे थोरल्याला सुचलं कुठून? शाळेत शिकवत नाहीत हे. तुझ्या दारात ती बाई टोपली घेऊन येते तेव्हा बघ घरात काय होतं. कुणीतरी पदर नाकाला लावतं. पाणी मागितलं तर वेगळा तांब्या शोधला जातो. ती गेल्यावर तिच्या लुगड्यावरून, बोलण्यावरून दोन शब्द निघतात, आणि आपण हसतो. तुमच्याच घरी होतं असं नाही, आपल्या सगळ्यांच्याच घरी होतं. पोरगं ओट्यावर बसून अभ्यास करतं असं आपल्याला वाटतं. त्याचे कान आपल्याकडेच असतात. मग एक दिवस तो तेच शाळेत करतो, तेव्हा आपण विचारतो, "हे कुठून शिकलास रे?"

नागराज मंजुळ्यांचा फँड्री पाहिला होतास ना? २०१३ सालचा. त्यात जब्याला चिडवणारी पोरं काही गुंड नाहीत, चांगल्या घरातली, शाळेत जाणारी आहेत. डुक्कर धरताना अख्खं गाव तमाशा बघायला उभं राहतं, त्यात मोठी माणसंही आहेत. पोरांना तिथेच परवानगी मिळते. परत बघ एकदा, थोरल्याला शेजारी बसवून. सिनेमा संपल्यावर मात्र भाषण देऊ नकोस. तू दिलंस तर तो पुन्हा काही बघायला बसणार नाही.

म्हणजे वळण लावणं हे फक्त शिक्षेपुरतं नसतं. जेवताना कुणाबद्दल काय बोलतो, गडीमाणसाला कसं हाक मारतो, मोबाईलवर कुणाची फजिती बघून हसतो, यातही ते लागत असतं. पोरींचं तर आणखी वेगळं. त्या हाणत नाहीत, अबोला धरतात. एकीला डब्याच्या गोलात बसू द्यायचं नाही, तिच्या रंगावरून, दातांवरून कुजबुजायचं. तुझ्या जावेच्या लेकीकडे लक्ष ठेव, एवढंच म्हणते. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बरं, थोरल्याचं पुराण झालं, पण माझा जीव जास्त धाकट्यात आहे. त्याची कुणी तक्रार करत नाही म्हणून तुझं लक्ष नाही. पाचवीत गेला तरी आजी दप्तर धरून शाळेपर्यंत सोडायला जाते. पोरांत खेळायला गेला आणि कुणी ढकललं की आजी काठी घेऊन पोरांच्या मागे. भूक लागली हेही तो स्वतः सांगत नाही, त्याच्या आधी घास पुढे येतो. माया आहे, नाही कशाला म्हणू? पण २०१३ साली इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सत्तर अभ्यास एकत्र केले होते, दोन लाखांहून जास्त मुलांचे. घरात मारहाण, दुर्लक्ष होणारी मुलं जास्त जाच सोसतात, हे तर त्यात निघालंच. पण फार जपलेली, प्रत्येक भांडण मोठ्यांनी सोडवून दिलेली मुलंही जाचाला जास्त सापडतात, असंही निघालं. त्यांना स्वतःचं भांडण स्वतः करायची सवयच झालेली नसते. दांडग्या पोरांना अशी लेकरं लांबून ओळखू येतात.

आता बघ, एकाच घरात, एकाच ताटातलं जेवून, एक पोरगं दादागिरी करायला निघालंय आणि दुसरं ती सोसायला. थोरल्याला धाक आहे पण जवळीक नाही, धाकट्याला जवळीक आहे पण पायावर उभं राहायला जागा नाही. अमेरिकेत डायना बॉमरिंड नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात आई-बापांच्या वागण्याच्या तऱ्हा मांडल्या होत्या. एक नुसती कडक, एक नुसती लाडाची, आणि एक मायेची पण ठाम. तुझ्या घरी पहिल्या दोन्ही एकाच छताखाली आहेत. तिसरी कुणी वापरून पाहिलेली नाही, कारण तिला वेळ लागतो. धपाट्याला अर्धा क्षण पुरतो.

धाकट्याला आजीपासून तोडू नकोस, तसं करशील तर घरात महाभारत होईल. शाळेत एकटं जाऊ दे. दुकानातून सामान आणू दे, उरलेले पैसे त्याने मोजून घेऊ देत. भांडण घेऊन आला तर लगेच धावू नकोस. "मग तू काय म्हणालास? उद्या काय म्हणशील?" असं विचार. आणि कधी तो म्हणाला की कुणीतरी रोज त्रास देतंय, तर दोन वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. "तूच काहीतरी केलं असशील," हे एक. "तूही हाण ना मग, बांगड्या भरल्यात का?" हे दुसरं. पहिल्याने लेकरू सांगायचं बंद करतं. दुसऱ्याने ते दोनदा हरतं, एकदा शाळेत, एकदा घरी. आणि बांगड्या भरलेली तूच आहेस ना गं त्याच्यासमोर? शाळा बुडवायला पोटात दुखतंय म्हणणं, वह्या-पेन हरवून येणं, सुट्टीच्या आदल्या दिवशी खूश आणि रविवारी संध्याकाळी गप्प, असं काही दिसलं तर समजून जा.

आता थोरल्याचं काय करायचं.

आधी काय करायचं नाही ते. कान धरून त्याला त्या लेकराच्या घरी फरफटत नेऊन सगळ्या वस्तीसमोर पाया पडायला लावू नका. पाहुणे तेच करणार, मला माहीत आहे. तिथे तो पाया पडेल आणि महिन्याभरात त्या लेकराला गाठून वचपा काढेल. सरांना "पाहिजे तेवढं हाणा, आमची काही हरकत नाही" असंही सांगू नका. सरांना तो अधिकार नाही, आणि तुम्ही तो देऊही शकत नाही.

पाहुण्यांनी त्याच्याशी बोलावं. शक्यतो रात्री, हळद शिजवायला लावलेली असते तेव्हा. तिथे तसंही रात्रभर जागावंच लागतं, वाफेत कुणाचं तोंड कुणाला धड दिसत नाही, आणि बाप-लेकाला एकमेकांकडे न बघता बोलणं सोपं जातं. पहिला प्रश्न "का केलंस?" हा नको, त्याला उत्तर नसतं, खोटं मात्र तयार असतं. "काय काय झालं ते पहिल्यापासून सांग" असं म्हणावं आणि मधे बोलू नये. हे शेवटचं पाहुण्यांना अवघड जाईल. तू जवळपास राहा.

मग भरपाई. व्हिडिओ त्याने स्वतःच्या हाताने ग्रुपवरून काढावा आणि त्याच ग्रुपवर लिहावं, की मी टाकला होता, चुकलं, कुणाकडे असेल तर काढून टाका. हे त्याला मारापेक्षा जड जाईल. सायकलची ट्यूब खराब झाली असेल तर स्वतःच्या पैशाने, आत्याने दिवाळीला दिलेल्या, भरून द्यावी. मोबाईल दोन महिने फक्त घरात, तुझ्यासमोर. मोबाईल फोडू नका, गेल्या वेळेसारखा. नियम सांगा आणि बाजाराचा भाव चढो की पडो, तो तसाच ठेवा. धाकट्याला टपली मारली तरी तोच नियम. मग सासूबाई काही का म्हणेनात.

त्या लेकराच्या आईला तू भेट. एकटी, पोराला न घेता. माफी त्यांना हवी का, कशी हवी, हे त्यांना ठरवू दे. ते लेकरू याचं तोंडही बघायला तयार नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. सरांना सांग की दोघांना हात मिळवायला लावून "आता दोस्ती करा" असलं काही करू नका. काही दिवस लांब ठेवा, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवा. शाळेत सखी-सावित्री समिती आहे का ते विचार, २०२२ पासून असायला हवी. तक्रारपेटी उघडतात का तेही विचार. आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत अर्ध्या बायका असाव्यात असा नियम आहे. तुझ्या गावात कोण आहे त्या समितीत? सरपंचांच्या घरातलीच सगळी असतील तर पुढच्या वेळी तू नाव दे.

सगळंच घरावर आहे असं म्हणत नाही हं मी. शाळेत एकाच सरांना दोन-दोन वर्ग सांभाळावे लागतात. रिल्समध्ये कोयते मिरवणारी पोरं हिरो होतात. कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाच्या बॅनरवर नववीच्या पोरांचे फोटो झळकतात. हे तुझ्या हातात नाही. पण त्या बॅनरवर जायला पोरगं का आसुसतं, याचा विचार पाहुण्यांनी करावा. घरात शाबासकी मिळाल्याचं त्याला आठवतं का, ते विचार एकदा. मला तरी दिवाळीच्या मुक्कामात ऐकू आली नाही, आणि पोरगं मोटर सुरू करण्यापासून म्हशीचं दूध काढण्यापर्यंत सगळं करत होतं.

फार बिघडलं, पोरगं रात्र-रात्र झोपेना, जेवेना, किंवा जिवाचं काही बोललं, मग ते तुझं असो की त्या घरचं, तर वाट बघू नकोस. १४४१६ वर फोन लाव, सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात. लेकराला मारहाण, छळ होत असेल तर १०९८. दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटव, मुलांना दिसतील असे.

सरांनी सोमवारी बोलावलंय, तर शाळेत एकटी जाऊ नकोस. दरवेळी तक्रार ऐकायला आई आणि शिक्षा द्यायला बाप, ही वाटणी आता पुरे. पाहुण्यांना म्हणावं, ताईंनी सांगितलंय, एक दिवस हळद भाऊजी बघतील, तुम्ही चला. आणि जमलं तर हे त्यांना वाचून दाखव, चपलांचं आधी सोडून देऊन.